जुन्या मोटारीच्या गिअरबॉक्सचा आवाज

छत्रपति संभाजीनगरांत अजूनहि एखाद्या घरीं जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार जपून ठेवलेली आढळते. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांतील ही गाडी. फियाट ११०० हा तिचा मूळ सांचा. तिची निर्मिति केव्हांच थांबली. मुंबईंतील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सीहि ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून उतरली. सुटे भाग आतां शोधून आणावे लागतात. अशी गाडी घरघरूं लागली आणि मिस्त्रींनीं "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असें सांगितलें, म्हणजे मालकापुढें पेंच पडतो : खर्च करावा कीं गाडी भंगारांत द्यावी? परंतु त्यापूर्वीं आवाज कोठून येतो हें ठरविलें पाहिजे. कारण पुष्कळदां दोष गिअरबॉक्सचा नसतोच.

या पेटींत मुख्य दांडे तीन. एक इंजिनाकडून येतो, दुसरा मागच्या चाकांकडे जातो आणि तिसरा, ज्यास लेशाफ्ट म्हणतात, तो खालीं समांतर फिरतो. पहिल्या तीन गिअरांत शक्ति लेशाफ्टवरून वळसा घेऊन जाते. चौथ्या गिअरांत ती सरळ जाते. ही एवढी गोष्ट ध्यानांत धरली, तर निदानाची अर्धी वाट सरली.

प्रथम गाडी उभी करून, न्यूट्रलमध्यें, इंजिन चालूं ठेवून ऐकावें. पायडलवर पाय नसतां आवाज येतो आणि क्लच दाबतांच तो थांबतो, तर इंजिनाकडील दांड्याचें किंवा लेशाफ्टचें बेअरिंग झिजलें असावें. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज निघाला, तर दोष बहुधा क्लच सोडविणाऱ्या बेअरिंगचा. त्यासाठीं गिअरबॉक्स खोलून दांते तपासण्याचें कारण नाहीं.

मग चिकलठाण्यापलीकडे जालन्याच्या वाटेवर, रहदारी नसतांना, गाडी चालवून पाहावी. खालच्या तिन्ही गिअरांत घरघर आणि चौथ्यांत शांतता, तर संशय लेशाफ्टवर घ्यावा. एकाच गिअरांत आवाज असेल, तर त्याच जोडीचे दांते बिघडलेले. सर्वच गिअरांत आवाज असेल, तर सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करावें. इंजिन मंदावूनहि आवाज गाडीच्या वेगाबरोबरच कमीजास्त होत राहिला, तर तो मागच्या डिफरन्शिअलचा, प्रोपेलर शाफ्टचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा असण्याचा संभव अधिक.

गिअर बदलतांना होणारी करकर निराळी. क्लच पूर्ण दाबून, कांहीं क्षण थांबून रिव्हर्स टाकावा. तरीहि करकरला, तर क्लच नीट सुटत नाहीं. जुन्या फियाटच्या पहिल्या गिअरास सिंक्रोमेश नसतें. गाडी थांबल्यावांचून तो टाकल्यास होणारा आवाज हा रोग नव्हे, चालकाची घाई होय.

यानंतर तेल पाहावें. सपाट जागीं पेटीच्या बाजूचा बूच काढावा. तेल भोकाच्या कांठापर्यंत असलें पाहिजे. कमी असेल, तर गळतीचें मूळ शोधावें. तेल कोमट असतां काढून कापडावर पसरावें. करडी, बारीक चिखलासारखी भुकटी हें वयाचें लक्षण. पोलादाच्या चकत्या किंवा तुकडे ही धोक्याची सूचना. पिवळे कण सिंक्रोच्या पितळी कड्यांचे. तेल मात्र पुस्तकांत सांगितलेलेंच घालावें. डिफरन्शिअलचीं कांहीं तीव्र तेलें पितळेस बाधतात. दाट तेल किंवा लांकडाचा भुसा घालून आवाज दडपणें ही विक्रेत्यांची जुनी युक्ति आहे. तिनें दुरुस्ति होत नाहीं.

पेटी उतरविणेंच प्राप्त झालें, तर गाडी केवळ जॅकवर न ठेवतां भक्कम स्टँडवर घ्यावी, आणि पेटीचें ओझें दांड्यावर लोंबकळूं देऊं नये. क्लचची तबकडी वांकते. बेअरिंगच्या कड्यावर बहुधा क्रमांक कोरलेला असतो. तो दाखविल्यास त्याच मापाचें बेअरिंग बाजारांत मिळण्याचा संभव असतो. दांत्यांवर खड्डे पडले असल्यास दोन्ही चाकें जोडीनेंच बदलावीं. वॉशर व शिम काढल्याच्या क्रमानें मांडून ठेवावे, तेलाचे सील नवे घालावे, आणि पेटी चढविण्यापूर्वीं प्रत्येक गिअर हातानें फिरवून पाहावा.

बारीक घरघर असली, तर तेल राखून कांहीं काळ धीर धरतां येतो. गिअर आपोआप सुटत असेल, तर मात्र एक दिवसहि थांबूं नये. कन्नडपुढील औट्रम घाट उतरतांना खालच्या गिअरांत इंजिनाचा रोध गाडीस आवरून धरतो. तो गिअर मध्येंच सुटला, तर सारा भार ब्रेकवर पडतो, आणि तापलेले ब्रेक साथ देतीलच असें नाहीं. गाडींत मुलेंबाळें बसलेलीं असतात. म्हणून गाडी ठेवावी कीं विकावी हा विचार नंतर, आणि हा दोष आधीं दूर करावा.