घरांतील संगणक अवचित बंद कां पडतो?

ज्वर हा रोग नव्हे, रोगाचें लक्षण होय, हें वैद्यकांतील जुनें तत्त्व घरांतील यंत्रांनाही लागू पडतें. टेबलावरचा संगणक चालतां चालतां एकाएकीं बंद पडला म्हणजे ‘यंत्र बिघडलें’ असें म्हणून लोक दुकानाची वाट धरतात. वस्तुतः पुष्कळ वेळां तें बंद पडणें म्हणजे मोठ्या नुकसानापासून स्वतःला वांचविण्याचा यंत्राचा शेवटचा उपाय असतो. हा बचाव कशापासून चालला आहे, हें ओळखणें म्हणजेच निदान.

नागपुरांतील एका मध्यम स्थितीच्या घराची कल्पना करावी. मे महिना आहे. पारा ४५ अंशांकडे झुकला आहे. गृहिणी घरगुती डब्यांचा व्यवसाय करते आणि त्याचा जमाखर्च सहा वर्षांच्या जुन्या संगणकावर ठेवते. दुपारीं तो संगणक अर्ध्यापाऊण तासानें कसलीही सूचना न देतां बंद पडतो आणि अर्धवट लिहिलेला हिशेब त्याबरोबर नाहींसा होतो. कारागीर पेटी न उघडतांच सांगतो, “ताई, मदरबोर्ड गेला. आतां नवाच संगणक घ्या.” नव्या संगणकाची किंमत म्हणजे त्या घराची कित्येक महिन्यांची शिल्लक. अशा वेळीं कारागिराच्या अंदाजापेक्षां एक साधी वही अधिक उपयोगी पडते.

त्या वहींत तीन गोष्टी टिपाव्या: यंत्र किती वाजतां बंद पडलें, त्या वेळीं कोणतें काम चालू होतें, आणि तें कसें बंद पडलें. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निळा पडदा दिसून यंत्र पुन्हां सुरू झालें, तर संशय रॅमवर किंवा एखाद्या सदोष ड्रायव्हरवर जातो. परंतु पंखे, दिवे आणि पडदा हीं सर्व एका क्षणांत थांबलीं, तर दोष प्रथम विजेंत किंवा उष्णतेंत शोधावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहींत अशा वेळीं ४१ क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ नोंद आढळते व ती पाहून लोक घाबरतात. ती नोंद एवढेंच सांगते कीं, मागच्या खेपेस यंत्र रीतसर बंद झालें नव्हतें. उलट १०७४ क्रमांकाची नोंद असली, तर कोणत्या प्रोग्रॅमनें यंत्र बंद करविलें तें तींत लिहिलेलें असतें.

तपास नेहमीं बाहेरून आंत आणि फुकटाकडून खर्चाकडे करावा. भिंतीवरील सॉकेट सैल आहे काय, हें आधीं पाहावें. संगणक यूपीएसवर असेल, तर एक दिवस तो सरळ भिंतीच्या सॉकेटला जोडून पाहावा. कारण यूपीएसमधील बॅटरी साधारणतः तीन ते पांच वर्षांत दुबळी होते. संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर वीज खंडित झाल्यास जेमतेम १६-१७ सहस्रांश सेकंद तग धरतो. छतावरच्या पंख्याला जाणवणारही नाहीं एवढा खंड संगणकाला पुरतो. बंद-चालूचें बटण अडकलें आहे काय, हेंही पाहावें. तें सुमारें चार सेकंद दाबलेलें राहिलें, तर यंत्र आज्ञा समजून बंद होतें.

यानंतर उष्णता. आजचे बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोंचले कीं प्रथम आपला वेग कमी करतात. तरीही ताप चढतच राहिला तर वीज तोडवितात. पूर्वीं ही सोय सर्वांत सारखी नव्हती. २००१ सालीं ‘टॉम्स हार्डवेअर’ या प्रकाशनानें चालू प्रोसेसरांवरील हीटसिंक काढून प्रयोग केला. पेंटियम-४ मंदावून चालत राहिला, तर ॲथलॉन धूर सोडून जळाला. त्या मानानें नुसतें बंद पडणें हा उपकारच म्हणावयाचा.

गृहिणीची वही हेंच सांगते. सकाळीं यंत्र तासन्‌तास चालतें, दुपारीं मात्र थांबतें. यूपीएस वगळूनही फरक पडत नाहीं. प्लग काढून पेटीची बाजू उघडतांच हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमदा बसलेला दिसतो. तो मऊ ब्रशनें, पंख्याचें पातें बोटानें धरून काढला, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि पेटी भिंतीपासून वीतभर पुढें ओढली कीं दुपारचा हिशेब पुरा होतो. खर्च होतो तो पेस्टच्या एका लहान नळीचा.

तापमान ठीक असूनही जड काम सुरू होतांच यंत्र बंद पडत असेल, तर संशय पॉवर सप्लायवर घ्यावा व खात्रीचा दुसरा लावून पाहावा. एका वेळीं एकच वस्तु बदलावी. चार बदलल्या तर गुण कशानें आला तें कळत नाहीं. मात्र पॉवर सप्लायची पेटी घरीं कदापि उघडूं नये. प्लग काढल्यावरही तिच्यांतील कपॅसिटरमध्यें ३०० व्होल्टांहून अधिक दाब कांहीं वेळ राहूं शकतो, आणि तो प्राणघातक आहे.

या सर्वांच्या अगोदर करण्याची एक गोष्ट आहे. संगणक पुन्हां सुरू होतांच प्रथम हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी व निदान होईपर्यंत ती रोज घ्यावी. यंत्राचा भाग बाजारांत मिळतो. हरवलेला जमाखर्च कोणत्याच दुकानांत मिळत नाहीं.