गहू सोसत नाही तेव्हा



मूल जेवतं, पण अंगी लागत नाही. पोट फुगतं, जुलाब थांबत नाहीत. मोठ्या माणसाची कधी पोटाची तक्रारच नसते. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन मात्र चढत नाही. अशा वेळी सिलिअ‍ॅक आजाराची शंका घ्यायला हवी.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. या आजारात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे आतड्यातले बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात.

डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांचा गव्हावर आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांचे सिलिअ‍ॅकचे छोटे रुग्ण सुधारले. पाव परत आला, तशी दुखणीही परतली.

या आजारावर पथ्य हाच उपचार, आणि तो जन्मभराचा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यांत ग्लुटेन नसतं. त्यामुळे भाकरी, घावन, आंबील, वरीचा भात खुशाल खावा. चपाती, रवा, मैदा, शेवया, पाव आणि नेहमीची बिस्किटं बंद. थालीपिठाच्या भाजणीत गहू घालू नये.

पथ्य मोडतं ते नकळत. गिरणीत आधी गहू दळलेला असेल, तर त्याचं पीठ आपल्या ज्वारीत येतं. म्हणून घरघंटी असेल तर ती बिनगव्हाच्या धान्यालाच ठेवावी. डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. डबीवरचे घटक वाचूनच घ्यावा. पोळपाट-लाटणं वेगळं असावं.

एक कळकळीची विनंती. संशय आला म्हणून लगेच गहू सोडू नका. गहू खाण्यात असतानाच रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणी व्हायला हवी. आधीच सोडलात तर आजार असूनही तपासणीत कदाचित दिसणार नाही. घरात एकाला निघाला, तर आईवडील, भावंडं आणि मुलं यांच्या तपासणीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

आणि लग्नकार्यात, सणावारी अशा माणसाला ‘एक घास तर घे’ म्हणून पुरणपोळीचा आग्रह करू नका. तो एक घासही त्याच्या आतड्याला बाधतो. त्याच्या पानात उकडीचे मोदक वाढा, पोटभर वाढा.