पत आणि पद

(लष्कर-ग्वाल्हेर, खासगी बाजार येथील मठात केलेले भाषण)



मठाच्या आत नामस्मरण आणि दाराबाहेर बाजार. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा गृहस्थाश्रमी भक्ताचा जुनाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर उपदेशापेक्षा चरित्रात अधिक स्पष्ट दिसते. असे एक चरित्र मुंबईचे जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे होय.

नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 रोजी मुरबाड येथे झाला. पिता निवर्तले तेव्हा पेढीचा भार विशीच्या आतील या तरुणावर पडला. त्यांनी धन तर राखलेच, परंतु त्याहून मोलाची अशी पत राखली. अरब, अफगाण आदी परदेशी व्यापारी आपला ठेवा बँकेत न ठेवता त्यांच्या स्वाधीन करीत. परक्याची ठेव जशीच्या तशी परत करणे, हेच त्यांच्या पुढील सार्वजनिक जीवनाचे बीज ठरले.

मुलींना शिकविणे लोकांस अधर्म वाटे, त्या काळी नानांनी कन्याशाळेस आपल्या वाड्यात जागा दिली. लोहमार्गाच्या उद्योगास त्यांनी 1845 पासून हातभार लावला, आणि 16 एप्रिल 1853 रोजी मुंबई-ठाणे पहिली गाडी धावली. सोनापूरची स्मशानभूमी शिवडीस हलविण्याचा सरकारी बेत निघाला, तेव्हा त्याच्या विरोधात तेच उभे राहिले. जिवंतांची सोय पाहणाऱ्या या पुरुषाने मृतांची विटंबनाही होऊ दिली नाही.

1852 साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. तिच्या अग्रणींत नाना होते. कायदे करण्याच्या कामी या देशातील लोकांनाही स्थान असावे, अशी मागणी या संस्थेने थेट विलायतेच्या पार्लमेंटकडे केली. पुढे 1857 चा वणवा पेटला आणि सरकारचा संशय खुद्द नानांवर आला. पुराव्याअभावी तो टिकला नाही. सत्तेची वक्रदृष्टी झाली म्हणून त्यांनी लोककार्य सोडले नाही, आणि ती निवळली म्हणून लाचारीही पत्करली नाही.

अखेर 1861 च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्याचे कायदे कौन्सिल सिद्ध झाले आणि 1862 मध्ये पहिल्या हिंदी सभासदांत नानांची नियुक्ती झाली. जे दहा वर्षांपूर्वी मागितले होते, त्याचा अंशच हाती आला. सभासद लोकांनी निवडलेले नव्हते; सरकारला प्रश्न विचारण्याचाही अधिकार त्यांस नव्हता. मग अशा आसनाचे मोल ते काय? आसनाने नानांस मोठेपण दिले नाही. चाळीस वर्षांच्या पतीने त्या आसनास वजन दिले. 31 जुलै 1865 रोजी त्यांचे देहावसान झाले. म्हणजे पद जेमतेम तीन वर्षांचे, सेवा मात्र आयुष्यभराची!

त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात प्रथम येणाऱ्यास शिष्यवृत्ती देण्यात येऊ लागली. 1912 साली ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख पुढे स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले. व्यापाऱ्याचे धन देववाणीच्या सेवेस लागले आणि देववाणीचा विद्यार्थी राष्ट्राच्या तिजोरीचा रक्षक झाला! ठेव व्याजासह परत येते ती अशी.

सज्जनहो, दुकानाचे कुलूप उघडताना आणि मतपेटीसमोर उभे राहताना एवढेच आठवावे : धन असो वा पद, ते आपले नव्हे, ती ठेव आहे. मागणारा येईल तेव्हा हिशेब चोख असावा.