सात मिनिटांची वेणी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. तीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत घालविलेला मनुष्य बोलेल तर निवृत्तिवेतनावर, आयकरावर, फार तर रजा-प्रवास-सवलतीवर. आम्ही विषय कळविला: 'कोरड्या, बारीक आणि पिंजारलेल्या केसांची निगा, वेळ कमी असताना'. दूरध्वनीवर पलीकडून काही काळ आवाज आला नाही. मग त्यांनी हळूच विचारले, "म्हणजे वहिनी बोलणार आहेत का?"

नाही, आम्हीच बोलणार आहोत. आमच्या मस्तकाकडे पाहून ज्यांना हसू येत आहे त्यांनी ते दाबू नये. केसांवर बोलण्याचा अधिकार स्वतःच्या केसांवरून ठरतो असे आम्ही मानीत नाही. तसे असते तर आज अध्यक्षमहाराजांचीही अडचण झाली असती. आमचा अधिकार निराळा आहे. गेली दोन-अडीच वर्षे आम्ही रोज सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी आमच्या आईची वेणी घालतो.

आमचे वडील २०२२ साली गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आम्ही आईला राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून येथे जोधपुरास घेऊन आलो. तिचे विस्मरण त्याआधीच सुरू झाले होते. चुलीवर दूध ठेवून ती विहिरीवर जाई आणि परत येण्याचे विसरे. तिला एकटी ठेवणे शक्य नव्हते. आमची सौ. शाळेत शिकविते, ती साडेसहाला घर सोडते. दिवसभर आईजवळ बसणाऱ्या बाई साडेआठाला येतात. आणि नऊ वाजता आम्हांला कचेरीतल्या हजेरीयंत्रावर बोट टेकवावे लागते. ते यंत्र कोणाची आई कोठे आहे हे विचारीत नाही. तेव्हा आईचा चहा, औषधे, लुगडे आणि केस हे सकाळचे सारे खाते आमच्याकडे आले.

आईचे केस मूळचेच बारीक. काही जणींचा केस जाड, दोऱ्यासारखा असतो. तिचा कोळ्याच्या जाळ्यासारखा. पण गावी ते केस कधी कोणाला जड झाले नाहीत. तीनशे सेंटीमीटरांहून अधिक पाऊस पडणारा तो मुलूख, जांभ्या दगडातल्या विहिरीचे मऊ पाणी, घरच्या नारळाचे तेल. येथे वर्षाकाठी पस्तीस-चाळीस सेंटीमीटर पाऊस पडला तरी लोक समाधानाने मान हलवितात. जानेवारीची हवा अशी कोरडी, की उशीवरून डोके उचलताना केस चटचट वाजत. पंधरा दिवसांत त्या डोक्याचे काय झाले ते आम्ही सांगत नाही. म्हाताऱ्या शेवरीचा कापूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते कळेल.

आमची पहिली वेणी घालावयास पस्तीस मिनिटे लागली. आई तीनदा ओरडली, आम्ही एकदा ओरडलो, आणि कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा मांडली गेली. त्या संध्याकाळी दिवसा बसणाऱ्या बाईंनी, अगदी सद्भावनेने, आईच्या समोरच सुचविले, "साहेब, माँजी के बाल कटवा दीजिए. आपको भी आराम, इनको भी." एका वैद्यकीय सल्लागारांनीही पूर्वी असेच म्हटले होते. आम्हांलाही ते पटले, हे कबूल केले पाहिजे. सरकारी नोकरीत ज्या गोष्टीची देखभाल करता येत नाही ती रद्दबातल करण्याची सवय जडते.

आईने काही उत्तर दिले नाही. तिने पदर डोक्यावरून घेतला आणि तो दोन दिवस खाली येऊ दिला नाही. रात्रीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ती आम्हांला म्हणाली, "बाळा, मागच्या दाराला कडी घाल. तो येईल."

तो म्हणजे कोण हे समजावयास आम्हांला थोडा वेळ लागला. आईची आजी तरुणपणीच विधवा झालेली. आलवण नेसून ती उरलेला सारा जन्म माजघरात वावरली, आणि ठरलेल्या दिवशी न्हावी मागील दारी येई. आई सात-आठ वर्षांची असताना तिने ते पडवीच्या आडून पाहिले होते. आम्ही बी. ए.ला इतिहास घेतला होता, म्हणून आम्हांला हे पाठ होते, की आगरकरांनी केशवपनाविरुद्ध लेखणी झिजविली आणि १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनीच एकत्र येऊन विधवांचे केस उतरविणार नाही असे ठरविले. परीक्षेत त्यावर आम्ही उत्तरही लिहिले असेल. पण मुंबईतला तो निर्धार साठ वर्षांनंतरही आमच्या आजोळच्या मागील दारापर्यंत पोचलेला नव्हता, आणि त्या दाराचा आवाज आमच्या आईच्या कानात अजून शिल्लक होता. नवरा गेला, परक्या मुलखात आणले, आणि आता केस कापावयाचे म्हणतात. तिच्या हिशेबात चूक कोठे होती?

केस ठेवावयाचे हे त्या दिवशी ठरले. प्रश्न उरला तो वेळेचा.

प्रथम आम्ही सर्वांचे ऐकले, आणि ती आमची पहिली चूक. शेजारच्या बाईंनी मुलतानी माती सांगितली. ही माती या मुलखात भरपूर मिळते आणि तेलकट डोक्याला ती गुणकारीही आहे. पण तिचा धर्मच तेल शोषून घेण्याचा. ज्या डोक्यात मुळात तेल नाही तेथे ती काय करणार? केस झाडूसारखे झाले. मग रिठे. रिठ्यानेही तेच. नंतर अंगाचा साबण, आणि तो सर्वांत वाईट. का, ते पुढे सांगतो. शेवटी, नातेवाईकांच्या सांगण्यावरून, वाटीभर तेल. बारीक केसाला इतके तेल पेलत नाही. तो डोक्याला चिकटून बसतो, त्यावर धूळ बसते, आणि जोधपुरास धुळीला तोटा नाही.

या उद्योगात एक रक्ततपासणीही झाली. डॉक्टर म्हणाले, केस इतके कोरडे आणि त्यात विसराळूपणा, तर गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली नाही ना ते पाहू. तसे असेल तर गोळीने दोन्हींत फरक पडतो. अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस आम्ही आणि सौ. एकमेकांशी फारसे बोललो नाही. दोघांच्या मनात एकच आशा होती आणि ती बोलून दाखविण्याचे धैर्य नव्हते. अहवाल निर्दोष आला. निर्दोष अहवालाचे दुःख व्हावे असा प्रसंग आमच्या आयुष्यात तो पहिलाच. पण ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचे केस एकाएकी रुक्ष झाले असतील त्यांनी ही तपासणी अवश्य करून घ्यावी.

मग आम्ही, फायलीचा अभ्यास करावा तसा, केसाचा अभ्यास केला. डोक्याबाहेर आलेला केस हा निर्जीव असतो. त्याला खायला घालता येत नाही, फक्त जपता येते. महिन्याला तो साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत आलेल्या वेणीचे टोक पाच-सहा वर्षांचे असते. आईच्या वेणीच्या टोकाशी जो केस होता तो वडील असताना उगवलेला होता. हा हिशेब मांडल्यावर कात्री हातात घ्यावयास आमचा हात आणखी कचरला.

केसाच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात, एकावर एक, कोकणातल्या घरावरच्या कौलांसारखे, मुळाकडून टोकाकडे उतरते. कौले नीट बसलेली असली की केस तुळतुळीत दिसतो आणि आतली ओल आत राहते. कौले उचकटली की एका केसाचे दुसऱ्यात अडकते, गुंता होतो, टोकांना फाटे फुटतात. (कचेरीत आम्ही तीस वर्षे फाटे पाहत आलो आहो, तेथेही ते टोकालाच फुटतात, प्रकरण जुने झाल्यावर.) साबण हा अल्कधर्मी, म्हणून तो ही कौले उचकटतो. शिवाय पाणी जड असेल, शाळेच्या पुस्तकात ज्याला 'दुष्फेन' म्हणत ते, तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि तो केसावर बसतो. आमच्या वसाहतीत कधी कालव्याचे पाणी येते, कधी कूपनलिकेचे. कूपनलिकेच्या दिवशी बादलीच्या कडेला जो पांढरा थर राहतो तोच डोक्यावरही राहतो. सौम्य शॅम्पूचा असा साका होत नाही.

आता तेलाविषयी. खोबरेल हे आपल्या लोकांचे केवळ वेड नाही. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसातले प्रथिन धुतले जाण्याचे प्रमाण खोबरेलानेच कमी झाले, कारण त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते, बाकीची तेले वरच राहतात. मात्र ते न्हाण्यापूर्वी लावावयाचे, आणि बारीक केसाला चहाचा एक चमचा पुरे. येथल्या थंडीत बाटलीतले खोबरेल दगड होऊन बसते. बाटली गरम पाण्यात ठेवावी.

आमचा क्रम असा बसला. शनिवारी रात्री चमचाभर कोमट तेल, तेही मुळाशी नव्हे, मानेखालच्या लांबीला. रविवारी मोरीत खुर्ची ठेवून सौ. आईला धरते आणि आम्ही पाणी घालतो; पाणी कोमट, कढत नाही. शॅम्पू तांब्याभर पाण्यात आधी कालवून फक्त टाळूला; लांबीला तो ओघळताना लागतो तेवढा बस्स. मग कंडिशनर, ज्याला मराठी शब्द आम्हांला सापडलेला नाही, तो उलट फक्त लांबीला, दोन मिनिटे. शेवटचा तांब्या पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा, त्यात लिंबाचे चार थेंब. या आंघोळीच्या पाण्यावरून आमच्या घरी एकदा वाद झाला, पण तो या सभेचा विषय नव्हे. नंतर खरखरीत टॉवेलाने चोळावयाचे नाही. वडिलांचे जुने, मऊ झालेले पंचे आहेत, त्यांनी टिपून घ्यावयाचे.

आठवड्यातून न्हाणे हे असे एकदाच. रोजची गोष्ट म्हणजे विंचरणे, आणि सारा वेळ तेथेच वाचतो किंवा वाया जातो. आम्ही पहिल्या दिवशी टाळूपासून कंगवा ओढला होता. त्याने वरचे सारे गुंते खाली जाऊन एक मोठी जट होते. टोकाकडून आरंभ करावा. गुंत्याच्या वर केस मुठीत धरावा, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. खालची वीतभर मोकळी झाली की वरची वीत. कंगवा रुंद दातांचा, आणि येथल्या हवेत लाकडी असलेला बरा; प्लॅस्टिकने केस विद्युत्भारित होऊन चहूकडे उभे राहतात. पिंजारलेल्या केसांवर पाणी मारू नये, ओला हात नुसता फिरवावा. रात्री सैल वेणी घालून ठेवली तर सकाळी अर्धे काम झालेले असते. उशीला सौ.ने तिच्या जुन्या रेशमी लुगड्याचा अभ्रा शिवला. त्यामुळे सकाळचा गुंता किती कमी झाला हे आम्हांला घड्याळाने कळले. पस्तीस मिनिटांची वीस, वीसाची बारा, आणि गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून सात. साताखाली आम्ही जाऊ शकलो नाही, आणि आता जावेसे वाटतही नाही. कारण त्या सात मिनिटांत आई बोलते. दिवसभर ती फारशी बोलत नाही.

काय बोलते, ते सारेच सांगण्यासारखे नाही. बहुतेक गावचे: कोणाची गाय व्याली, कोणाच्या मुलीला पाहावयास आले. त्यातली निम्मी माणसे आता नाहीत. एकदा तिने विचारले, "तुझ्या हातांना कागदांचा वास कसा येतो गं?" आम्ही म्हटले, "येतो खरा." त्या 'गं'ची दुरुस्ती आम्ही केली नाही.

मागच्या दाराला रात्री कडी घालतो. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्याला मागचे दार नाही. गच्चीच्या दाराची कडी वाजविली की तिचे समाधान होते.

आई आज येथे आली आहे. दुसऱ्या रांगेत, खिडकीपाशी. वेणी आम्हीच सकाळी घातली. भांग किंचित डावीकडे गेला आहे तो आमचा दोष. कार्यक्रमानंतर तिला भेटलात तर केस छान आहेत असे जरूर सांगा, तिला ते आवडते. वेणी कोणी घातली असे मात्र विचारू नका. विचारलेत तर ती आपल्या आईने घातली असे सांगेल, आणि तेव्हा तिला खोटे पाडू नका.