आईने जवळ घेतले तर

पेडणे-डिचोलीकडील गोठ्यांत वाढलेल्यांस एक गोष्ट सांगावयास नको. व्यालेली गाय वासराला चाटू लागली, की घर निर्धास्त होते. तिने तोंड फिरविले, तर जाणते माणूस वासराच्या अंगाला मीठ चोळून तिला त्याची ओढ लावते. हृदयावरील एका नाजूक प्रयोगातही नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

२०११ साली अमेरिकेत डॅलस येथील संशोधकांनी एक दिवसाच्या उंदीरपिलांच्या हृदयाचे टोक, म्हणजे खालच्या कप्प्याचा सुमारे १५ टक्के भाग, कापून काढला. तीन आठवड्यांत तेथे नवा स्नायू तयार झाला! सात दिवसांच्या पिलांत मात्र केवळ व्रण राहिला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर माणसाच्या हृदयातही असाच व्रण राहतो. म्हणूनच या शोधाचे मोल मोठे.

पण हे पिलू जगते कसे? जेमतेम दीड ग्रॅमचा तो जीव. बर्फावर गारठवून त्याला निश्चेष्ट करतात, छाती उघडतात, टाके घालतात आणि मग हळूहळू ऊब देतात. एवढ्यानेही संकट टळत नाही. रक्ताचा वास आला, तर आईच पिलाला खाऊन टाकण्याचे भय असते. म्हणून त्याचे अंग पुसून, घरट्यातील भुसा चोळून, ते भावंडांत ठेवतात. आईने जवळ घेतले तरच ते वाचते.

शस्त्रवैद्याचे कसब येथे संपते. उद्या मानवी हृदय पुन्हा सांधण्याची विद्या साधलीच, तर या मुक्या पिलांचे आणि त्यांना कुशीत घेणाऱ्या मातांचे ऋण आपण विसरता कामा नये.