वेल्डिंग नको, डाग हवा : सायकलच्या नळ्या जोडतात कशा?

सायकल चालवता चालवता ऐकत असाल तर आधी बाजूला थांबा, एका कानातला इअरफोन काढा. आजचा भाग सायकलबद्दलच आहे, आणि त्यात माझ्या हनुवटीवरच्या पाच टाक्यांची गोष्ट आहे.

आमच्याकडे आजोबांची काळी सायकल होती. दांडीवाली, घंटीवाली, स्टँड लावला की खणखणीत उभी राहणारी. कॉलेजला असताना मी ती वापरायला काढली. तेलपाणी केलं, नवीन टायर घातले, चाकांचा आऊट काढून घेतला. महिन्याभरात हँडलच्या खाली एक बारीक रेघ दिसली. मला वाटलं रंग उडालाय. नखाने खरवडली तर नख अडकलं. तडा होता. हेड ट्यूबमधून खाली पायडलकडे तिरकी नळी जाते ना, ती जिथे सुरू होते तिथे. पुढच्या चाकाचा प्रत्येक धक्का आधी या सांध्यावर येतो.

मी काय केलं? चौकातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. तो खिडक्यांच्या ग्रिल बनवतो, गेट बनवतो. त्याने रॉड लावला, चर्र आवाज आला, दोन मिनिटांत काम झालं. वर जाडजूड धातूचा ढीग बसला होता. मी खूश. म्हटलं, आता हत्ती बसला तरी काही होत नाही.

साडेतीन आठवडे टिकली. उतारावर, स्पीड ब्रेकरवर, खट्ट. सांधा तसाच होता, वेल्डिंगच्या ढिगाऱ्याला साधा ओरखडा नाही. नळी तुटली ती त्याच्या अगदी कडेला. पुढचं चाक मागे आलं, मी पुढे गेलो. पाच टाके.

दादा, जाड वेल्डिंग करून ते तुटलंच कसं? हाच प्रश्न मी जुन्या बाजाराजवळच्या एका मेकॅनिक काकांना विचारला. त्यांनी सायकल हातात घेतली, तुटलेली जागा उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "अरे, हिला डाग दिलेला असतो. तू हिला वेल्डिंग का केलंस?"

हा फरक नीट समजून घेऊ, कारण सगळा खेळ त्यातच आहे.

वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकड्यांचं लोखंडच वितळतं आणि एकमेकांत मिसळतं. पोलाद वितळायला साधारण १५०० अंश सेल्सिअस लागतात. डाग देताना, म्हणजे ब्रेझिंगमध्ये, नळी वितळतच नाही. ती फक्त लाल-केशरी होते. वितळतं ते मधलं पितळ, साधारण ९०० अंशांवर. चांदीचा डाग असेल तर ६५०च्या आसपास. तांब्याच्या भांड्याला डाग देतात, सोनार बांगडी झाळतो, तीच ही विद्या.

जुन्या काळ्या सायकलच्या सांध्यांवर हात फिरवा. नळीच्या टोकावर एक बाही चढवल्यासारखी दिसेल. तिला म्हणतात लग. नळी त्या बाहीत बसते आणि दोघांमध्ये केसाएवढी फट उरते. ०.१ मिलिमीटर म्हणा. वितळलेलं पितळ त्या फटीत आपोआप ओढलं जातं. चहात बिस्किटाचं एक टोक बुडवलं की चहा वर चढतो, निरांजनात तूप वातीने चढतं, तसं. फट मोठी झाली की ओढ संपली. पितळ भरलेलं दिसेल, पण धरणार नाही.

आता गंमत बघा. ताकद येते कशातून? बाहेर दिसणाऱ्या धातूतून नाही. बाहीच्या आतल्या, कुणालाच न दिसणाऱ्या त्या पातळ थरातून. नळीच्या सगळ्या घेरावर तो थर पसरला की भार वाटला जातो.

आणि माझ्या सायकलचं नेमकं काय झालं? त्या बाहीच्या आत पितळ होतंच. त्यावर वेल्डिंगचा रॉड लावला. पितळात तांबं आणि जस्त असतं. जस्त तर ९०७ अंशांनाच उकळायला लागतं, त्यामुळे वाफ सुटून वेल्डिंगमध्ये पोकळ्या राहतात. तांबं त्याहून वाईट. वितळलेलं तांबं तापलेल्या पोलादाच्या कणांच्या मधे शिरतं आणि पोलाद आतून चिरत जातं. वरून सगळं झकास दिसतं. शिवाय ढिगाऱ्याच्या कडेला नळी पातळ झालेली, आणि भार नेमका तिथेच एकवटलेला. त्या ग्रिलवाल्याचा दोष कमी, माझा जास्त. त्याला गेट जोडता येतं, आणि गेट काही उतारावर चालवायचं नसतं.

काकांनी ते दुरुस्त केलं नाही. म्हणजे, "वरून काही लावणार नाही" हे आधीच सांगितलं. त्यांनी नळीच बदलली. डागाचा हा मोठा फायदा, तापवला की सुटतो. पायडलकडचा सांधा गॅसच्या टॉर्चने तापवला, पितळ पाघळलं, नळी चिमट्याने ओढून बाहेर. हँडलकडची बाही मात्र वेल्डिंगने चिरली होती. ती फेकली आणि भंगारातल्या तशाच फ्रेमची बाही काढून आणली.

मग नवीन नळीचं टोक. मला वाटायचं, नळी कापली, बाहीत घातली, झालं. नाही. एक गोल नळी दुसऱ्या गोल नळीला टेकायची तर तिचं टोक सरळ कापून चालत नाही. त्याला माशाच्या तोंडासारखा आकार द्यावा लागतो, दुसरीची गोलाई त्यात बसेल असा. काकांनी तो गोल कानशीने काढला. दोन-चार हात मारले की लावून बघायचं, उजेडाकडे धरायचं, मधून प्रकाश दिसला की पुन्हा कानस. पाऊण तास. मी म्हटलं, "काका, हे तर बाहीच्या आत जाणार, कोण बघणार?" ते काही बोलले नाहीत. कानस चालूच.

चुकीचा होता माझा प्रश्न. नळी नळीला टेकली नसेल तर धक्का सोसायचं सगळं काम एकट्या बाहीला आणि पितळाला करावं लागतं. स्वस्त फ्रेममध्ये नेमकी इथेच वेळ वाचवली जाते, कारण ते दिसत नाही.

नंतर सफाई. सांधा एमरी पेपरने चकचकीत केला. ऑइलचा एक ठसा राहिला तरी पितळ तिथे धरत नाही. त्यावर टाकणखार, म्हणजे सोनारांची सवागी. तापलेल्या लोखंडाला हवा लागली की पापुद्रा धरतो, टाकणखार तो धरू देत नाही. आधी तो फुगतो, मग वितळून काचेसारखा पारदर्शक होतो. ती खूण. त्यानंतर पितळाची कांडी टेकवायची.

दुकानात उजेड मुद्दाम कमी होता, लोखंडाचा रंग डोळ्यांना कळावा म्हणून. काकांनी कांडी एका बाजूला टेकवली आणि टॉर्च दुसऱ्या बाजूला नेला. कारण पितळ उष्णतेच्या मागे पळतं. इकडून आत शिरलं आणि बाहीच्या पलीकडच्या कडेला एक सोनेरी रेघ उमटली. तेव्हाच कळतं की मधली सगळी जागा भरली. जास्त तापवलं तर टाकणखार जळतो, पांढरा धूर येतो. तो जस्ताचा धूर, छातीत जाऊ द्यायचा नाही.

धुरावरून आठवलं. "केडीएम सोनं" ही पाटी तुम्ही पाहिली असेल. त्यात डागाला कॅडमियम वापरायचे. चांदीच्या जुन्या ब्रेझिंग कांड्यांमध्येही ते असायचं. त्याचा धूर फुप्फुसाला घातक असतो, जीवही जाऊ शकतो. घरी प्रयोग करायची खुमखुमी असेल तर कॅडमियम नसलेलीच कांडी मागा, आणि खोलीच्या आत तर अजिबात नको.

तुम्ही म्हणाल, आजच्या सायकलींना बाह्या कुठे दिसतात? बरोबर. बाही एका ठरावीक कोनाची असते. माउंटन बाइक आल्या, नळ्या जाड झाल्या, कोन बदलले, प्रत्येकासाठी नवीन बाही कोण ओतणार? मग टिग वेल्डिंग आलं, आपल्याकडे ज्याला सरळ "आर्गन" म्हणतात. ते वाईट नाही हं. पण त्याला साजेसं पोलाद लागतं. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीचं उदाहरण घ्या. यांचा मूळ धंदा खिळ्यांचा. १८९७ साली त्यांनी टोकाला जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं, म्हणजे जिथे तापवायचं तिथे धातू जास्त. १९३५ला त्यांची ५३१ नावाची नळी आली. ती डाग देण्यासाठीच होती, वेल्डिंगसाठी नव्हे. पुढे १९७०च्या दशकात ७५३ आली. ती इतकी पातळ की फक्त चांदीच्या कमी तापमानाच्या डागाने जोडायची, आणि आधी नमुना सांधा करून कंपनीकडून पास करून घेतल्याशिवाय कारागिराला नळीच विकत नसत. १९९०च्या दशकातली ८५३ मात्र वेल्डिंगनंतर हवेत थंड होताना उलट कडक होते. म्हणजे आधी नळी कुठली ते बघायचं, मग जोड ठरवायचा.

ॲल्युमिनियमचं तर वेगळंच. ६०६१ जातीची फ्रेम कारखान्यात वेल्डिंगनंतर भट्टीत घालून परत कडक करतात. रस्त्यावर कुणी "आर्गन मारून देतो" म्हणाला तर भट्टी कुठे आहे ते विचारा.

एक काम आजच करा. सायकल पुसा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि हँडलखालच्या नळीची खालची बाजू बघा, सांध्यापासून दोन बोटं. मग पायडलच्या वरचा भाग, मग सीटखालचा. रंगावर आडवी केसाएवढी रेघ किंवा गंजाची बारीक ओळ दिसली तर त्या दिवशी चालवू नका.

शेवटी काकांनी दोरी लावली. मागच्या चाकाच्या एका खाचेतून निघून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेत. सीटच्या नळीपासून दोरीचं अंतर दोन्ही बाजूंना मोजलं. एकीकडे ३१ मिलिमीटर, दुसरीकडे २८. पाय टेकवून, हाताने ओढून त्यांनी फ्रेम थंडच वाकवली. पुन्हा मोजलं, ३० आणि २९. "चालेल," म्हणाले. रंग मी लावला नाहीये अजून. ती सोनेरी रेघ झाकायचं मन होत नाही. आई रोज म्हणते, गंजेल.

पुढच्या भागात चाक. जुन्या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, असं का? मोजून ठेवा, भेटूच.