मंत्रचळ आणि शरीर



मी सातवी शिकलेली बाई. डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात तो मंत्रचळ मी घरातच पाहिला. माझ्या जाऊबाई दिवसातून कितीदा हात धूत, याला गणती नव्हती. बोटांना भेगा पडून रक्त येई. आम्ही मात्र "सोवळे फार हो तुमचे!" म्हणून हसत असू. मीही हसले आहे. पुढे त्यांना खोकला लागला. पण दवाखान्यातल्या बाकाला शिवायचे कसे, म्हणून दोन महिने अंगावर काढला. नेले तेव्हा छाती भरलेली!

स्वीडनमधील ६१,३७८ ओसीडीच्या रुग्णांची पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. मुलीने ती मला वाचून दाखविली. त्यांच्यातील मृतांचे सरासरी वय ६९, इतरांचे ७८. आत्महत्या त्यांच्यात अधिक, हे कळण्यासारखे आहे. पण फुप्फुसांच्या विकाराने जाणारेही अधिक. ते ऐकून मला जाऊबाईंचा खोकलाच आठवला.

आता त्या गोळ्या घेतात. वस्तूला शिवून हात न धुता थांबण्याचा सरावही मानसोपचारतज्ज्ञ करून घेतात. परवा दवाखान्यात पदर सावरून बाकावर बसल्या आणि रक्तदाब तपासून घेतला. घरी येऊन हात धुतले, पण एकदाच.